वजन घटविण्याचे शुल्क : भरावे की भरू नये?

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी आलेल्या ग्राहकास कारण विचारण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. त्यामागे चौकसपणा नसतो. ठेव मोडण्याऐवजी तिच्या तारणावर उचल घेणे ग्राहकाच्या लाभाचे ठरेल का, एवढेच पाहावयाचे असते. मुलांचे शिक्षण, घराची दुरुस्ती, रुग्णालयाचे देयक ही नेहमीची उत्तरे. इंदूरच्या शाखेत असताना एका निवृत्त शिक्षिकेने दिलेले उत्तर मात्र मला नवे होते.

"साहेब, लेकीचं वजन कमी करायचंय. डिसेंबरात लग्न आहे. आजच्या आज पैसे भरले तर तीस टक्के सूट देणार आहेत सेंटरवाले."

सूट वजा जाता रक्कम होती ४८ हजार रुपये, मुदत ९० दिवसांची आणि आश्वासन १२ किलोंचे. ग्राहकाने स्वतःचा पैसा कशावर खर्च करावा हे सांगण्याचा अधिकार बँकेला नाही आणि तो असूही नये. मी अर्जाचा नमुना पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण भरला नाही. "तुम्ही रोज कर्जाचे कागद तपासता. हा कागद तपासून सांगाल का?" असे म्हणून त्यांनी पिशवीतून त्या केंद्राचे रंगीत माहितीपत्रक काढून माझ्या टेबलावर ठेवले.

मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. परंतु ज्या प्रस्तावात रक्कम निश्चित आणि लाभ अनिश्चित असतो, तो कसा वाचावा याचे थोडेफार शिक्षण आपल्या व्यवसायात आपोआप होते. त्या दिवशी पैसे काढण्याच्या कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर आम्ही जो हिशेब मांडला, त्याचाच हा विस्तार. पुढे दोन वैद्यकीय व्यावसायिकांशी बोलून आणि उपलब्ध अभ्यास वाचून मी तो पूर्ण केला आहे.

आधी वजनाचा हिशेब

कर्जाच्या प्रस्तावात पहिला प्रश्न कर्जाच्या प्रयोजनाचा असतो. येथेही तोच विचारावयास हवा. वजन खरोखरच घटवावयास हवे आहे काय, आणि किती? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देह-वस्तुमान निर्देशांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकात २५ च्या पुढे अतिरिक्त वजन आणि ३० च्या पुढे स्थूलता मानली जाते. भारतीयांच्या शरीरात तुलनेने कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते व मधुमेह लवकर गाठतो. म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने सुचविलेल्या मर्यादा अधिक कडक आहेत : २३ च्या पुढे अतिरिक्त वजन, २५ च्या पुढे स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांहून अधिक असल्यास निर्देशांक बरा दिसत असला तरी सावध व्हावे. निर्देशांकाला स्नायू आणि चरबी यांतील भेद कळत नाही, घेर मात्र पोटातल्या चरबीविषयी काही सांगतो.

शिक्षिकाबाईंच्या कन्येची उंची १५८ सेंटिमीटर व वजन ७२ किलो. निर्देशांक २८.८ भरला. म्हणजे गरज खरी होती, केवळ लग्नाच्या छायाचित्रांपुरती नव्हती. ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण केंद्राकडे जाणाऱ्या प्रत्येकाला फसलेला मानण्याची एक पद्धत आपल्या समाजात आहे आणि ती अन्यायाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे अथवा स्थूल आढळले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. या आकड्यांमागे जी माणसे आहेत त्यांना मदत हवी आहे. प्रश्न एवढाच, की विकत मिळणारी मदत किती खरी.

आता किती वजन घटले तर उपयोग होतो? अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासात ३,२३४ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांतील एका गटापुढे ७ टक्के वजन घटविणे व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी दिसले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात घट ३१ टक्क्यांचीच होती. चेन्नईत झालेला भारतीय अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ५३१ व्यक्तींच्या त्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या सल्ल्याने धोका २८.५ टक्क्यांनी घटला आणि नवल असे की वजनात फारसा फरक पडलेला नव्हता. म्हणजे काट्यावर दिसत नाही असाही लाभ चालण्यात आणि नेमस्त खाण्यात आहे.

७२ किलोचे ७ टक्के म्हणजे ५ किलो. आरोग्यासाठी पहिला टप्पा एवढाच होता. केंद्राने मात्र १२ किलो सांगितले होते, तेही तीन महिन्यांत. हा आकडा कोठून आला असावा? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. १२ किलोंचे झाले ९२,४००. त्यांना ९० दिवसांनी भागले की रोजची तूट निघते १,०२७ उष्मांकांची. बैठे काम करणाऱ्या त्या वयाच्या मुलीचा दिवसाचा खर्च १,८०० उष्मांकांच्या आसपास धरला, तर तिच्या ताटात उरतात पावणेआठशे. वैद्यकशास्त्रात ८०० उष्मांकांहून कमी आहाराला अतिअल्प उष्मांकांचा आहार म्हणतात व तो डॉक्टरांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यावयाचा असतो. शिवाय आहार तुटला की शरीरही आपला खर्च आवरते, त्यामुळे हा हिशेब प्रत्यक्षात याहून कठीणच ठरतो. माहितीपत्रकात डॉक्टरांचा उल्लेख शोधला. एका पांढऱ्या कोटातील हसऱ्या व्यक्तीचे छायाचित्र होते, नाव नव्हते.

'दहा दिवसांत पाच किलो' अशा जाहिरातींना हाच भागाकार लावून पाहावा. रोज ३,८५० उष्मांकांची तूट हवी, आणि त्या मुलीने दिवसभर अन्नाचा कण घेतला नाही तरी ती १,८०० च्या पुढे जात नाही. तरीही काटा खाली येतो, हेही खरे आहे. यकृतात व स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो घट दिसते ती बहुतांशी ही. ग्राहक हर्षभरित होतो, उरलेले पैसे भरतो, आणि चौथ्या आठवड्यात काटा स्थिरावला की दोष स्वतःच्या जिभेला देतो.

शुल्काच्या बदल्यात काय मिळते?

या व्यवसायाचा उगम पाहिला तर विक्रीस काय असते हे उमगते. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीचे वजन १९६१ साली सुमारे ९७ किलो होते. शहराच्या आरोग्य विभागाच्या चिकित्सालयात तिला विनामूल्य आहारतक्ता मिळाला. तक्ता चांगला होता, पण चोरून बिस्किटे खाल्ल्याची कबुली तेथील कोरड्या वातावरणात देण्याचे धैर्य तिला होईना. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले, त्यांच्यापुढे आपले चोरून खाणे उघड केले, आणि मग त्यांनीही आपापले सांगितले. वर्षभरात तिने सुमारे ३३ किलो वजन घटविले. १९६३ मध्ये या घरगुती बैठकीची 'वेट वॉचर्स' ही कंपनी झाली व १९७८ साली हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या उद्योगाने ती विकत घेतली. आहारतक्ता फुकट होता. पैसे पडत होते ते दर आठवड्याला कोणीतरी वाट पाहत आहे या जाणिवेचे.

ती जाणीव कुचकामी नाही. ऑस्ट्रेलिया, जर्मनी व ब्रिटन येथील ७७२ व्यक्तींवर झालेला अभ्यास २०११ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्यावर विसंबलेल्यांचे वजन वर्षअखेर सरासरी सव्वादोन किलोंनी, तर या सशुल्क बैठकांना पाठविलेल्यांचे पाच किलोंनी घटले होते. अभ्यासाचा खर्च त्याच कंपनीने केला होता, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शुल्क माफ असूनही त्या गटातील ६१ टक्केच लोक वर्षभर टिकले. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात याच कंपनीच्या कार्यक्रमाने वर्षाअखेर तुलनेच्या गटापेक्षा किमान २.६ टक्के व जेनी क्रेग या दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमाने किमान ४.९ टक्के अधिक घट दिसली. बहुतेक इतर कार्यक्रमांविषयी वर्षभराचा भरवशाचा पुरावाच मिळाला नाही. ७२ किलोच्या व्यक्तीसाठी २.६ टक्के म्हणजे दोन किलोंहूनही कमी. चांगल्यात चांगल्या, तपासलेल्या कार्यक्रमांची ही सरासरी आहे. जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर' या दोन छायाचित्रांच्या मधल्या अंतराशी ती ताडून पाहावी.

मग कोणता आहार श्रेष्ठ? आपल्या महाराष्ट्रात हा वाद घरोघरी झालेला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग विनामूल्य व्याख्यानांतून सांगितला, आणि ऋजुता दिवेकर यांनी आपल्या मातीतले अन्न थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे मी पाहिली आहेत आणि दोन्हीकडे सहा महिन्यांत मूळपदावर आलेलीही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ व्यक्तींना वर्षभर कमी स्निग्ध अथवा कमी कर्बोदकांचा आहार देऊन पाहिला. २०१८ साली निष्कर्ष आले : एका गटाची सरासरी घट ५.३ किलो, दुसऱ्याची ६. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर नगण्य ठरला. मात्र प्रत्येक गटात कोणाचे वजन वीसपंचवीस किलोंनी घटले होते तर कोणाचे वाढले होते. यावरून मी माझ्यापुरते असे ठरविले, की 'आमचा खास आहार' या शब्दांसाठी एक रुपयाही जादा देऊ नये. पाठपुरावा, मोजमाप, आणि अडखळल्यावर ओरडण्याऐवजी मार्ग दाखविणारी व्यक्ती यांसाठी द्यावा.

वजन परत का येते, हेही समजून घेणे आवश्यक आहे, अन्यथा तो अपमान वाटतो. अमेरिकेतील 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटविले होते, त्यांपैकी ४१ किलो परत आले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील उष्मांकखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमी राहिला होता. सहा वर्षांनंतरही! २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या टिर्झेपटाइड व वजनासाठीच्या सेमाग्लुटाइड या साप्ताहिक इंजेक्शनांनी वजन पुष्कळ घटते, पण सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ च्या अभ्यासात दिसले. या औषधांमुळे जुन्या व्यवसायाचे गणितच बदलले. मे २०२५ मध्ये वेट वॉचर्सलाही कर्जाच्या पुनर्रचनेसाठी दिवाळखोरीच्या न्यायालयात जावे लागले. कोणतेही केंद्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी इंजेक्शने देऊ करीत असेल तर तेथून निघावे.

प्रश्न कोणते विचारावे?

शिक्षिकाबाईंना मी एक कागद दिला आणि केंद्रातून उत्तरे लिहून आणावयास सांगितले. पहिला प्रश्न होता छेदाचा. "आमच्याकडे हजारो लोकांनी वजन घटविले" या वाक्यात अंश आहे, छेद नाही. किती जणांनी पैसे भरले, त्यांतील किती शेवटपर्यंत आले आणि एक वर्षानंतर किती जणांचे वजन खाली राहिले? थकीत कर्जे वगळून वसुलीचे प्रमाण सांगणारा शाखाधिकारी जसा मुख्य कार्यालयात टिकणार नाही, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न, सल्ला देणार कोण? पोषणशास्त्रातील पदवी घेतलेली व्यक्ती, की विक्रीचे आठवडाभराचे प्रशिक्षण घेतलेली? भारतीय आहारशास्त्र संघटनेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असतात, व २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्याने आहारतज्ज्ञांचा व्यवसायही आपल्या कक्षेत घेतला आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. थायरॉइड, मधुमेहाची औषधे, पाळीच्या तक्रारी यांविषयी नाव नोंदविण्यापूर्वी कोणी चौकशी करते का, हेही पाहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने जेवण एकदम तोडल्यास साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते, आणि झपाट्याने वजन घटविल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. ज्या केंद्रात हे प्रश्न पैसे भरून झाल्यावर विचारले जातात त्याचा क्रम उलटा आहे.

तिसरा प्रश्न विकत घ्यावयाच्या चूर्णांचा, चहाचा आणि बिस्किटांचा. पुष्कळदा मूळ शुल्क माफक असते व खरा खर्च दरमहाच्या डब्यांत दडलेला असतो. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असलाच पाहिजे, पण तो आहे म्हणून वजन उतरेल असा त्याचा अर्थ नव्हे. पट्टे, कंपने आणि वाफ यांच्या यंत्रांबाबत एवढेच सांगतो की हलविल्याने वा मळल्याने एखाद्या जागेची चरबी जळत नाही, आणि घामावाटे गेलेले पाणी दोन पेले पाण्याने परत येते. 'इंच' घटल्याचे आश्वासन तर मोजपट्टी किती आवळली आणि मोजमाप जेवणापूर्वी की नंतर यावर उभे असते.

चौथा प्रश्न आपल्या कर्मचारी बंधुभगिनींनी विशेषकरून विचारावा. मध्येच बदली झाली, आजारपण आले, गर्भधारणा झाली, किंवा केंद्रच बंद पडले, तर उरलेल्या पैशांचे काय? दुसऱ्या गावच्या शाखेत कार्यक्रम पुढे चालू ठेवता येईल का, आणि तसे लिहून मिळेल का? माझ्या एका सहकाऱ्याने अहमदाबादेत वर्षभराचे शुल्क भरले आणि पाचव्या महिन्यात त्यांची बदली गुवाहाटीस झाली. उरलेले सात महिने ते केंद्राशी नव्हे, पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या अटींशी बोलत राहिले.

पैसे कसे भरावे?

या भागात मात्र मला अधिकाराने बोलता येईल. एकरकमी, आगाऊ आणि 'आजच' ही तीन विशेषणे एकत्र आली की सूट कितीही असो, थांबावे. आज मिळणारी सूट पुढच्या आठवड्यात मिळत नाही असे क्वचितच घडते. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सदस्यांचा अभ्यास २००६ साली एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दरमहा ७० डॉलरहून अधिक शुल्काचा करार केलेले सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच गेले. म्हणजे दर भेटीस १७ डॉलरहून अधिक पडले. दहा भेटींचा पास घेतला असता तर दर भेट १० डॉलरमध्ये झाली असती. पैसे गुंतले की आपण नियमित होऊ, असे प्रत्येकाला वाटत होते.

हाच हिशेब ४८ हजारांना लावू. १२ किलो उतरले तर किलोस ४ हजार. पाच उतरले तर ९,६००. वर्षाअखेर दोनच टिकले तर २४ हजार. अशा वेळी एकच रक्कम चार महिन्यांच्या हप्त्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर पुढचा द्यावा असा आग्रह धरावा. ज्याला आपल्या कामाचा भरवसा आहे त्याने ही अट नाकारावी असे कारण मला दिसत नाही.

पुष्कळ केंद्रे 'बिनव्याजी हप्त्यांची' सोय देतात. ग्राहकाला वाटते की हप्ते केंद्राला जात आहेत. प्रत्यक्षात एखादी वित्तकंपनी केंद्रास पूर्ण रक्कम आधीच देऊन मोकळी होते आणि ग्राहक त्या कंपनीचा ऋणको बनतो. कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात सोडला तरी हप्ते चालूच राहतात, आणि ते थांबविले तर पतमापन संस्थेकडील नोंद बिघडते. पुढे गृहकर्जाच्या वेळी ही नोंद समोर येते, तेव्हा ग्राहकाला ते कर्ज होते हेही आठवत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दराने सर्व आकार धरून खर्च दाखवावा लागतो. ते मागून घ्यावे. डिजिटल माध्यमातून घेतलेल्या कर्जात किमान एक दिवसाचा फेरविचाराचा अवधी असतो. त्या अवधीत मुद्दल व तेवढ्या काळाचा आकार भरून दंडाविना बाहेर पडता येते. कार्डावरील आपोआप वजावटीस संमती दिली असल्यास प्रत्येक वजावटीपूर्वी २४ तास आधी सूचना येते, आणि संमती केव्हाही मागे घेता येते. मात्र संमती मागे घेतली म्हणजे कर्ज फिटले असे नव्हे, हा गैरसमज मी अनेकदा दूर केला आहे.

देयक मागावयास विसरू नये. व्यायामशाळा, सौंदर्यसेवा व शारीरिक स्वास्थ्यसेवा यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराने आकारणी होत नाही ना, हे देयकावरूनच कळेल. 'एकदा भरलेले शुल्क परत मिळणार नाही' ही छापील ओळ वाचून पुष्कळजण हात टेकतात. परंतु २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवा बंद करून पावतीत नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. देयक न देणे हीसुद्धा. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही, व कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. आणि कोणी औषधाने स्थूलता बरी करण्याची जाहिरात करीत असेल तर १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींवरील कायद्याच्या यादीत स्थूलतेचे नाव आहे, हे त्यास सांगावे.

हे सर्व वाचून सशुल्क कार्यक्रम टाळावेत असा माझा कल आहे असे वाटेल. तसे नाही. ज्याला एकट्याने जमत नाही, ज्याने दोनतीनदा प्रयत्न करून सोडले आहेत, ज्याच्या घरी त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करणारे कोणी नाही, त्याला दर आठवड्याला हिशेब विचारणारी व्यक्ती विकत घेण्यात शहाणपण आहे. फक्त त्याआधी एक महिना स्वतः वही ठेवून पाहावी. जे खाल्ले ते लिहावे, आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी वजन करावे, रोज अर्धा तास चालावे. महिन्याने वही भरलेली असेल तर महागड्या केंद्राची गरज बहुधा नाही, आहारतज्ज्ञाच्या दोन भेटी पुरतील. वही तिसऱ्याच दिवशी कोरी राहिली असेल, तर आपण काय विकत घ्यावयाचे ते कळले.

शिक्षिकाबाई चार दिवसांनी परत आल्या. केंद्राने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली नव्हती, पण सूट तीसवरून चाळीस टक्क्यांवर गेली होती. ठेव मोडली नाही. कन्येने शहरातील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील आहारतज्ज्ञ गाठली. रक्ततपासणीत थायरॉइडचा दोष निघाला, आणि उपचार सुरू झाले. डिसेंबरपर्यंत वजन साडेसहा किलोंनी उतरले होते. लग्नाचे पेढे द्यावयास आल्या तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलेला डबा मी परत सरकवू लागलो, तर त्या म्हणाल्या, "एक घ्या हो साहेब, एका पेढ्यानं काही होत नाही." मी दोन घेतले.